गिरणीवर भरलेली बॅटरी

“मरेल नई शे, थकेल शे.” म्हणजे मेलेली नाही, थकलेली आहे. उतरलेल्या बॅटरीवर तळहात ठेवून जिजी असं म्हणायची, समोर आजारी वासरू असल्यासारखं. मग गिरणीचं इंजिन सुरू करून बॅटरी डायनामोला जोडायची.

शहाद्याजवळच्या त्या गावात मी शाळामास्तर होतो. चावडीतल्या रेडिओची किल्ली माझ्याकडे असे. वीज आली नव्हती. रेडिओला कोरड्या बॅटरीचा पॅक लागायचा. संपला की तो चावडीमागे भिरकावला जाई. तिथं चांगला ढीग साचला होता.

जिजी पिठाच्या गिरणीची मालकीण. गुजराच्या घरची, विधवा, आवाज असा खणखणीत की चालत्या इंजिनातही ऐकू यावा. एकदा तिची दुभती म्हैस त्या ढिगावर गेली, फुटक्या पॅकमधला खारट काळा लगदा चाटत बसली आणि मेली. दुसरी कोणी असती तर बोटं मोडून गप्प बसली असती. ही तडक चावडीच्या पायरीशी आली. बायका तेव्हा आत शिरत नसत.

“मन्ही म्हैस गयी, दुसरानी जावाले नको,” ती म्हणाली. तिच्या घरचा रेडिओ मोटारीच्या बॅटरीवर चालायचा; ती उतरली की फेकावी लागत नसे, गिरणीवर पुन्हा भरता येई. तो बॅटरीसकट तिनं चावडीला देऊन टाकला. सकाळचं भजन हा तिचा एकुलता एक शौक, तोही गेला. आता सांगा, अशी माणसं तुम्ही किती पाहिलीत?

बॅटरीत ती फक्त पावसाचं पाणी घाली, स्वच्छ लुगड्यावर धरून ठेवलेलं. उन्हाळ्यात चावडीची राखण करणाऱ्या कोतवालाला बॅटरीची दया आली. थकलेल्याला पाणी पाजणं पुण्याचंच की! त्यानं खाऱ्या विहिरीचं पाणी भरभरून पाजलं. रेडिओ मुका झाला.

कापसाचे भाव ऐकायला जमलेली मंडळी भडकली. सरपंच म्हणाले, “बाजारलोंग बोलना नही, तर पॅक लई येसूत.” म्हणजे येत्या बाजारापर्यंतच मुदत, नाहीतर ढीग पुन्हा वाढणार. जिजीनं गाडं जुंपलं आणि बॅटरी घेऊन ती शहाद्याला गेली.

मी सोबत होतो. मिस्त्रीनं बॅटरी उघडून पाहिली, पट्ट्या बदलाव्या लागतील म्हणाला, पुढच्या आठवड्यात या. जिजीनं गोणपाट अंथरलं. “तुम्हनं काम करा. मी आठेच बठेल शे.” मिस्त्रीनं बराच वेळ तिच्याकडे दुर्लक्ष केलं, मग पाने-पकड उचलली. बाजाराच्या दिवशी चावडीत रेडिओ बोलला. जिजी पायरीवर बसून ऐकत होती. मला तिचा भारी अभिमान वाटला.

त्यानंतर गावात पॅक आला नाही. जुना ढीग तिनं स्वतः उभं राहून खोल पुरून घेतला.

काही वर्षांनी एका सुगीत जिजी गेली. तिरडी चावडीसमोर आली तेव्हा आत बाजारभाव चालू होते. सरपंच धावत आत गेले, रेडिओ बंद करायला त्यांनी बटणाला हात घातला. खांदा देणारा तिचा मुलगा तिथूनच म्हणाला, “चालू राहू द्या. बंद पडू नये म्हनीसन तर जिजी भांडनी.”

सरपंचांनी हात काढला. कापसाचे भाव ऐकत आम्ही तिला नदीकडे नेलं.