कुणाचा कूलर, कुणाच्या खिडकीत

आमच्या शनवारा भागात किस्से शोधायला कुठे जावं लागत नाही. सकाळी शटर वर केलं की वसंतभाऊ समोर दिसतात, आणि दिवस मावळेपर्यंत एखादा तरी किस्सा करून ठेवतात. मी त्यांच्या शेजारी स्टेशनरी विकतो. म्हणजे विकतो कमी, ऐकतो जास्त.

वसंतभाऊंचा धंदा कूलर दुरुस्तीचा आणि वेड समाजसेवेचं. बुऱ्हाणपूरच्या मे महिन्यात अशा माणसाची आरतीच ओवाळायला हवी. घोळ एवढाच, की समाजसेवा भाऊंची आणि कूलर तुमचा! तुम्ही बिघडलेला कूलर आणून द्यायचा. भाऊ जीव लावून तो दुरुस्त करणार, जाळीत नवा वाळा भरणार आणि कुणा गरजवंताच्या खिडकीत नेऊन बसवणार. तुम्ही मागायला गेलात की तिसऱ्याचाच कूलर तुमच्या हातगाडीवर चढवणार. त्यामुळे गावात कूलर सगळ्यांकडे आहे, स्वतःचा मात्र कुणाकडेच नाही!

*

माझ्यापासूनच सुरू करतो. मी निळा कूलर दिला होता, घरी हिरवा आला. त्यावर लाल रंगात लिहिलेलं, ‘चि. संजय यास मामाकडून सप्रेम भेट’. बायको म्हणाली, “हा संजय कोण?”

मी तणतणत भाऊंकडे गेलो. भाऊ शांतपणे म्हणाले, “तुमचा स्टेशनजवळच्या लालबागले गेला. तिथं एक पोरगी बाळंत झाली. तुमाले एवढी काय घाई? तुमचं काय बाळंतपण हाय?”

पुढे त्या घरून भाऊंमार्फत आम्हाला बारशाचं आमंत्रण आलं. बायको झबलं-टोपडं घेऊन गेली, आणि पाळणा म्हणून झाला, घुगऱ्या वाटून झाल्या, तरी आमच्या निळ्या कूलरसमोरून उठेना. शेवटी बाळाच्या आजीने विचारलं, “तुम्ही राहणार आहात का?”

*

आमच्या ओळीतले सराफ शेठ एकदा कुणाच्या तरी मयतीला गेले. ओळख जेमतेम, समाजाची रीत म्हणून गेलेले. आत पाऊल टाकलं तर समोर अंथरलेल्या चटईवर मयत, आणि त्याच्यावर भर्रकन वारा सोडतोय शेठचा कोराकरकरीत कूलर! पहिल्याच उन्हाळ्यात मोटर अडकली म्हणून भाऊंकडे दिलेला.

अशा जागी तोंड उघडायची सोय नाही. शेठच्या डोळ्यांना धारा लागल्या. कूलरकडे बघत ते हुंदके द्यायला लागले, तेव्हा मयताचा जावई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला, “मामांचे एवढे जवळचे असाल हे माहीतच नव्हतं!”

*

जोशी सर मात्र ऐकून घेणाऱ्यातले नव्हेत. रिटायर्ड मास्तर, आवाज अजून वर्गातलाच. त्यांनी आपल्या कूलरवर स्वतःच्या अक्षरात ‘पाणी जपून वापरा’ असं लिहिलेलं. तो गेला म्हटल्यावर सर भर दुपारी पोलीस चौकीत गेले. घामाने निथळत सांगायला लागले, तर हवालदार भला माणूस, म्हणाला, “पहले बैठिए मास्टरजी, पानी पीजिए. गर्मी बहुत है.”

आणि त्याने मागचा कूलर सुरू केला. सरांनी वळून पाहिलं. ‘पाणी जपून वापरा’!

सर पाणी प्यायले आणि घरी आले.

*

मग भाऊंच्या सोनलचं लग्न ठरलं. मुलगा डोईफोडिया गावचा, घरची केळीची शेती, माणसं साधी. मुलाचे वडील म्हणाले, “देणं-घेणं काही नको. पन मांडवात कूलर पायजे. मागच्या लग्नात आमच्या बाबाले उन्हाची लू लागली होती. या टायमाले तसं झालं, तर लग्न तिथंच थांबवू.”

भाऊ हसले. “कूलरवाल्याच्या पोरीचं लग्न हाय व्याही! टेन्शनच नका घेऊ.”

सोनल चहाचा ट्रे घेऊन उभी होती. ती हळूच म्हणाली, “बाबा, आपल्या घरात पंखा आहे.”

पाहुणे गेल्यावर तिने बापाला समोर बसवलं. “मला मुलगा पसंत आहे. एवढं लग्न होईपर्यंत समाजसेवा बंद ठेवा.” भाऊंनी देवाची शपथ घेतली. दुरुस्तीला आलेले कूलर मागच्या खोलीत ठेवले आणि किल्ली सोनलच्या हातात दिली.

*

लग्नाच्या सकाळी मी खोली उघडलेली पाहिली. आत एक कूलर नाही!

दवाखान्यात उन्हाने चक्कर आलेले मजूर आणून टाकले होते, खाटा पुरत नव्हत्या. भाऊ ते बघून आले आणि सगळे कूलर तिकडे पोचवले. मला त्या माणसाचा पहिल्यांदा खराखुरा राग आला. ओरडायलाच निघालो होतो, तेवढ्यात सोनल हळदीच्या अंगाने म्हणाली, “काका, किल्ली मीच दिली.” आणि रडायला लागली.

मी जोशी सरांना फोन केला. सर म्हणाले, “सगळ्यांना सांग, आपल्या घरात जो कुणाचा कूलर असेल तो मांडवात घेऊन या. एका जागी जमले की ज्याचा त्याने ओळखून उचलायचा. अशी संधी पुन्हा नाही!”

*

गाव लोटलं हो! हातगाड्या, टेम्पो, एकाने तर मोटरसायकलवर मांडीत धरून आणला. चौकीतला हवालदार आला, लालबागची आजी आली. मांडवाच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कूलरच कूलर.

मंगलाष्टकं सुरू झाली. अंतरपाट आडवा उडाला, भटजींचं उपरणं सराफ शेठच्या डोक्यावर गेलं. अक्षता टाकाव्यात, तर त्या वधूवरांपर्यंत पोचायच्या आधीच टाकणाऱ्याच्या तोंडावर परत! भर मे महिन्यात मुलाच्या आजोबांनी गोधडी मागितली.

लग्न लागलं, जेवणं झाली आणि पाठवणीची वेळ आली. तोवर सगळ्यांनी आपापला कूलर हेरला होता. सर ‘पाणी जपून वापरा’ला मिठी मारून उभे, सराफ शेठ आपल्याला, बायको आमच्या निळ्याला. कुणीही हात सोडायला तयार नाही. गाडीत बसलेली सोनल रडत होती, कूलर धरून आम्हीही रडत होतो.

वसंतभाऊंनी डोळे पुसले, व्याह्यांचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाले, “व्याही, आता तुमी घरचेच. तुमच्याकडचा कूलर कधी बिघडला, तर बिनधास्त माझ्याकडे पाठवून द्या!”

“नका पाठवू!” अख्खा मांडव एका आवाजात ओरडला, आणि त्यात सगळ्यात मोठा आवाज गाडीतून आला.