ईस्टरच्या रविवारी तीनशे चिपा

माझा दाजी सिरिलो बावीस वर्षं बस चालवत होता आणि त्या बावीस वर्षांत तो कधी उशिरा पोचला नाही, हे आमच्या सान ब्लासमध्ये कुणीही सांगेल. आज एन्कार्नासिओनहून असुन्सिओनला जायचं, उद्या परत यायचं. सकाळी सात चाळीसला त्याची गाडी आमच्या फाट्यावरून जायची आणि लोक तिच्यावर घड्याळं लावून घ्यायचे. माझं पंक्चरचं दुकान त्याच फाट्यावर आहे, त्यामुळे हे काही मी ऐकीव सांगत नाही. शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. पुढे त्याने माझ्या थोरल्या बहिणीशी, बेनिग्नाशी, लग्न केलं आणि मला त्याच्यावर दुप्पट चिडायचा हक्क मिळाला.

वेळेपायी तो कुणाची पत्रास ठेवायचा नाही. चिपावाल्या बायकांची तर नाहीच नाही. डोक्यावर टोपली घेऊन त्या फाट्याफाट्यावर उभ्या असतात. गाडी थांबली की चढायचं, पुढून मागेपर्यंत गरम चिपा, म्हणजे कसाव्याच्या पिठाचे चीज घातलेले छोटे पाव, विकायच्या आणि पुढच्या फाट्यावर उतरायचं. ड्रायव्हर थांबतात, कारण टोपलीतली पहिली चिपा ड्रायव्हरची, फुकट. सिरिलो ती घ्यायचा नाही. एकदा घेतली की रोज दार उघडावं लागतं, म्हणायचा. दोन मिनिटं मागे असला की बाई उन्हात हात वर करून उभी राहायची आणि हा तिच्या अंगावर धूळ उडवून निघून जायचा. हाताखाली शिकायला आलेल्या पोरांनाही त्याने हेच शिकवलं.

असा माणूस गेल्या नोव्हेंबरात एका दुपारी माझ्या दुकानात आला, स्टुलावर बसला आणि हातात तेरेरेचा, आमच्या पानांच्या थंडगार चहाचा, पेला तसाच धरून रडायला लागला. शाळेत झाडावरून पडून हात मोडला होता तेव्हाही तो रडला नव्हता. मी पाना खाली ठेवला. त्या दिवशी परतीच्या फेरीत सान हुआनला एक मुलगी चढली आणि दारातच उभी राहिली. आरशात बघून याने नेहमीसारखं ओरडून सांगितलं, ताई, दारात गर्दी करू नका, मागे जागा आहे. मुलगी निमूट मागे गेली. आमच्या फाट्यावर उतरायला पुढे आली आणि म्हणाली, "पप्पा, आईने विचारलंय, रविवारी तुम्ही जेवायला आहात का?" ती नोएलिया होती, त्याचीच मुलगी, पंधरा वर्षांची.

"स्वतःच्या पोरीला ताई म्हणालो मी, सेवेरो," तो म्हणाला. "चेहरा बघितला आणि ओळखला नाही."

मी म्हटलं, केस कापलेत तिने, त्यात काय एवढं. पण त्याने ऐकलं नाही. त्या दिवसापासून त्याने नोकरी सोडायचं मनावर घेतलं. फाट्यालगतच्या त्यांच्या घरामागच्या अंगणात आमच्या आईची ताताकुआ होती, मातीची घुमटी भट्टी. आई गेल्यापासून तिच्यात कोंबड्या अंडी घालायच्या. ती लिंपून घ्यायची आणि फाट्यावर चिपा विकायच्या, असं त्याने ठरवलं. डेपोतल्या साहेबांनी समजावलं, मग वैतागले, शेवटी ईस्टरच्या आदल्या दिवसापासून बिनपगारी रजा दिली. ईस्टरनंतरच्या शनिवारपर्यंत सीट राखून ठेवू, म्हणाले, त्यानंतर ती दुसऱ्याची. त्याचं वय एक्कावन्न. त्या वयात दुसरी कुठलीही कंपनी त्याला दारात उभं करणार नव्हती, हे त्यालाही माहीत होतं. बेनिग्नाने एवढंच सांगितलं, की घरी राहणार असशील तर कायमचा राहा, येऊन पुन्हा जाणार असशील तर आत्ताच जा, मला आता ये-जा झेपत नाही.

सुरुवात त्याने ईस्टरच्या आठवड्यात करायची ठरवली. हिशेब त्याचा सरळ होता. त्या आठवड्यात अख्खा देश चिपा खातो. बावीस वर्षं त्या दिवसांत त्याची गाडी चिपाच्या वासाने भरून जायची, तेव्हा याहून चांगला मुहूर्त कुठला?

आता आमच्याकडचं शेंबडं पोरसुद्धा सांगेल की त्या आठवड्यात चिपा खातात सगळे आणि विकत कुणी घेत नाही. बुधवारी घरोघरी भट्टी पेटते. आजीपासून नातवापर्यंत सगळे पीठ मळायला बसतात, मग ह्या घरच्या त्या घरी आणि त्या घरच्या ह्या घरी. पण त्या दिवसांत गाड्यांना सगळ्यात जास्त गर्दी, रजा मिळायची नाही, त्यामुळे सिरिलो बावीस वर्षांत एकदाही त्या बुधवारी घरी नव्हता, यंदाही नाही. त्याला वास ठाऊक होता. तो वास कुठून यायचा, ते ठाऊक नव्हतं.

मला ठाऊक होतं. आणि मी गप्प बसलो. खरं सांगायचं तर मला तो स्टिअरिंगवर परत हवा होता. बहिणीच्या घरात दर महिन्याला पगार येतो, ते मला बरं वाटायचं. एकदा तोंडावर आपटला की अक्कल येईल, असं मी मनात म्हटलं. त्याची मला आजही लाज वाटते.

रविवारी पहाटे बेनिग्ना चर्चमध्ये मिसाला गेली तेव्हा तिला वाटलं, हा सरावापुरत्या चाळीस-पन्नास भाजेल. ती परत आली तेव्हा अंगणात तीनशे चिपा मांडलेल्या होत्या. ती कमरेवर हात ठेवून नुसती बघत राहिली.

सणाच्या दिवशी ड्रायव्हर मंडळी दिलदार असतात. जुना सोबती म्हणून त्याला बघून गाड्या थांबत होत्या. हा टोपली घेऊन चढायचा, आणि आत काय दिसायचं? प्रत्येकाच्या मांडीवर गाठोडं. आईने बांधून दिलेलं, मावशीने बांधून दिलेलं, फडक्यात गुंडाळलेलं, आणि प्रत्येकात चिपाच. चार दिवस तेच खाऊन लोक कंटाळलेले. एका म्हातारीला त्याची दया आली. तिने आपल्या पिशवीतून एक चिपा काढली आणि त्याच्याच हातात ठेवली. खा बाबा, म्हणाली, सणाचा उपाशी नको राहूस. दिवसभरात चार चिपा विकल्या गेल्या आणि त्याही एका जर्मन प्रवाशाने घेतल्या.

एकच गाडी थांबली नाही, सात चाळीसची, त्याची स्वतःची. तिच्यावर बदली म्हणून विल्फ्रिदो होता, सिरिलोच्याच हाताखाली तयार झालेला. सिरिलोने हात वर केला आणि गाडी सरळ निघून गेली. सगळी धूळ टोपलीवर. त्याने चिपांवरचं फडकं झटकलं आणि घड्याळ बघितलं.

"तीन मिनिटं मागे आहे," तो मला म्हणाला. "बरोबर केलं त्याने."

सोमवारी सगळा गाव हसत होता. उरलेल्या चिपा वाळून दगड झाल्या, पुढे महिनाभर आम्ही त्या गरम दुधात बुडवून खाल्ल्या आणि माझी एक दाढ त्यात गेली. मी त्याला म्हटलं, दाजी, शनिवारपर्यंत सीट आहे, आजच फोन करून टाक. तो भट्टीतली राख काढत होता. मान वर न करता म्हणाला, शनिवारपर्यंत पाच दिवस आहेत.

मंगळवारी तो न्या लिब्रादाकडे निघाला. लिब्रादा म्हणजे आमच्या भागातली सगळ्यात जुनी चिपावाली, न्या हा वडीलधाऱ्या बाईला मानाने लावायचा शब्द. तिचे गुडघे गेले, तेव्हापासून ती घरीच असते. मीही मागोमाग गेलो. मदत वगैरे काही मनात नव्हतं, गंमत बघायची होती. म्हातारी आंब्याखाली खुर्ची टाकून बसली होती. सिरिलोने टोपी काढली आणि म्हणाला, मला शिकवा.

तिने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"सात चाळीसची गाडी ना तू?" ती म्हणाली. "माझ्यासमोरून किती वेळा गेलास, आठवतं?"

"पुष्कळ वेळा, न्या लिब्रादा."

"मी दिसायची का तुला?"

मला वाटलं, आता हा म्हणेल आरशात दिसलं नाही, ऊन होतं, गर्दी होती. सगळे ड्रायव्हर तेच म्हणतात.

"दिसायचात," तो म्हणाला. "दिसूनच जायचो."

 म्हातारीने काठी मागितली.

तिला आमच्या अंगणात आणायला मला माझी छोटी गाडी काढावी लागली. भट्टीसमोर खुर्चीत बसून तिने त्याला पीठ मळायला लावलं. कसाव्याचं पीठ, चीज, अंडी, चरबी, बडीशेप, सगळं त्याने मापाने घेतलं होतं, तिथे तिला खोट सापडेना. मग ती हाताकडे बघायला लागली. "पीठ मळतोयस की क्लच दाबतोयस?" बेनिग्ना एवढी हसली की तिला खाली बसावं लागलं. नोव्हेंबरापासून मी तिला हसताना बघितलं नव्हतं.

मळून झाल्यावर म्हातारीने विचारलं, रविवारी किती भाजल्यास? त्याने खाली बघून आकडा सांगितला. "आणि ईस्टरला कुणी घेत नाही, हे तुला एकानेही सांगितलं नाही?" असं म्हणून तिने माझ्याकडे बघितलं. मी चपलेच्या टोकाने माती उकरत राहिलो. मग म्हणालो, मला माहीत होतं, दाजी, मी बोललो नाही. सिरिलोने मान डोलावली. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

"हे बघ पोरा," म्हातारी म्हणाली, "मला गाड्यांच्या वेळा कधी कळल्या नाहीत. भाजायचं आणि जाऊन उन्हात उभं राहायचं. गाडी येईपर्यंत निम्म्या चिपा गार. गार चिपा कुणाला हवी असते? तुला प्रत्येक गाडी तोंडपाठ आहे. मग तीनशे एकदम कशाला भाजतोस? गाडी यायच्या पाच मिनिटं आधी चाळीस बाहेर काढ, तेवढ्याच घेऊन पळ. आणि आईची गाठोडी आज संपतील. उद्यापासून लोकांना भूक लागेल."

सिरिलो पिठाचे हात तसेच ठेवून उभा राहिला. मग त्याने खिशातला पेन काढून भट्टीशेजारच्या भिंतीवर लिहायला सुरुवात केली. सात चाळीस. आठ वीस. नऊ पाच. कुठली गाडी पुलापाशी रेंगाळते, कुठला ड्रायव्हर आधीच्या गावी गरम माते, तेरेरेचाच कढत प्रकार, प्यायला थांबतो म्हणून सहा मिनिटं उशिरा येतो, सगळं त्याने लिहिलं. मला एवढ्या वर्षांत कळलं नव्हतं की त्याच्या डोक्यात इतकं भरलेलं आहे.

बुधवारपासून लाकडं फोडून आणून द्यायचं काम मी अंगावर घेतलं. कुणी सांगितलं नव्हतं. आठ वीसच्या गाडीत तो चढला तेव्हा टोपलीतून वाफ येत होती. चाळीसपैकी सत्तावीस गेल्या. नऊ पाचला सगळ्या गेल्या. गुरुवारी विल्फ्रिदो पुन्हा थांबला नाही आणि त्या चाळीस चिपा माझ्या दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या गळ्यात माराव्या लागल्या. शुक्रवारी तीन गाड्या ठरल्या वेळी आपणहून थांबल्या. एका ड्रायव्हरने लांबूनच हॉर्न दिला. सिरिलो धावत सुटला, पन्नाशीचा माणूस, डोक्यावर टोपली. गाव बघत होता, पण हसत कुणी नव्हतं.

पण तीन दिवस म्हणजे काही जन्म नव्हे. शुक्रवारी संध्याकाळी बेनिग्नाने मला बाजूला घेऊन विचारलं, तुला काय वाटतं, हा उद्या काय सांगेल? मला खरंच माहीत नव्हतं. सिरिलो भिंतीपाशी उभा राहून दुसऱ्या दिवशीच्या वेळा वाचत होता आणि त्याच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

शनिवारी सात चाळीसची गाडी दिसली आणि तिचा वेग कमी झाला. मी हातातलं टायर सोडून बाहेर आलो. गाडी बरोबर आमच्यासमोर थांबली, दार उघडलं. बेनिग्नाही फाटकापाशी येऊन उभी राहिली, नोएलिया तिच्या मागे.

"उस्ताद, डेपोचा निरोप आहे," विल्फ्रिदो म्हणाला. स्टिअरिंगवरचे हात त्याने काढले नव्हते. "सोमवारची गाडी तुमची. हो की नाही, तेवढं विचारून आजच कळवायला सांगितलंय."

सिरिलो टोपली घेऊन वर चढला. खिडक्यांमधून आम्हाला तो दिसत होता. एकेका सीटपाशी वाकत होता, काहीतरी विचारत होता, चिपा कागदात गुंडाळून देत होता. शेवटच्या रांगेपर्यंत गेला आणि रिकामी टोपली काखेत मारून परत आला. बेनिग्नाने माझा दंड एवढा घट्ट धरला होता की वळ उठला.

ड्रायव्हरच्या सीटपाशी तो थांबला. एका हाताने दांडी धरून तो नेहमीच्या आवाजात बोलायला लागला, शिकाऊ पोरांशी बोलायचा तसा.

"सोमवारपासून इथे दोन मिनिटं धरायची. ती तुला पुलाच्या पुढच्या उतारावर भरून काढता येतात. तिसरा गिअर सोडू नकोस, आपोआप निघतात. मी दाखवलंय तुला."

विल्फ्रिदो गोंधळून त्याच्याकडे बघत राहिला. "म्हणजे डेपोत काय सांगू, उस्ताद?"

"सांग, सिरिलो कामावर आहे."

आणि खाली उतरून तो भरभर भट्टीकडे चालायला लागला, कारण आठ वीसच्या गाडीला पस्तीसच मिनिटं उरली होती.