पाहुण्यांचं पाणी

गाढवपणा कोण करत नाही हो? पण मी केला तो खांद्याची साल निघेपर्यंत केला. सांगतो, जरा दमानं घ्या. मला भरभर बोलता येत नाही.

स्वराज्य येऊन सात-आठ वर्षं झाली असतील. चामोर्शीकडच्या आमच्या गावात नागपूरच्या कॉलेजातली मुलं आली. राज्यकारभार शिकणारी! त्यांचे मास्तर म्हणाले, "पुस्तकं पुष्कळ झाली. आता आठ दिवस घरोघर बसा, विचारा, लिहा." निम्मी मुलं आमच्याकडे, निम्मी नदीकाठच्या गावात. विहीर एकच मंजूर होती. मुलांच्या लिहिण्यावरून ठरणार होतं, ती कोणाला द्यायची.

मी तळ्यात मासे धरणारा, घरोघरी ओळखीचा. पाटील म्हणाले, "पोराइले घरं तू दाखव. पान्याचे हाल दिसू दे त्याइले."

"दिसतीन जी."

हाल होतेच! वैशाखात आमच्या तळ्यात नुसता चिखल. म्हशी त्यातच आणि आमच्या घागरीही त्यातच.

पण पहिल्याच सकाळी बायको म्हणाली, "अवो, पाहुन्याइले हा चिखल पाजता काऊन?"

आता तुम्हीच सांगा, काय करायचं? घेतली कावड. कोसभरावर नदीकाठच्या गावाचा झिरा होता. झिरा म्हणजे आटलेल्या नदीच्या वाळूतला खड्डा, पाणी त्यात पाझरून पाझरून साठतं. पहाटे तिथे चिटपाखरू नव्हतं. वाटीवाटीनं घागरी भरल्या आणि मुलं जाणार त्या घरी नेऊन ठेवल्या.

"पाहुन्याइलेच देजा, बाई."

पुढे घरं वाढली, खेपाही वाढल्या. आठ दिवस! रात्री मान वळत नव्हती. बायको तेल चोळायची आणि मी कण्हत विचारायचो, "उद्या किती घरं हायेत?"

मुलं मात्र खूश. त्यांच्यातला एक चष्मेवाला पाणी पिता पिता विचारायचा, "आजी, पाणी कसं आहे इथलं?"

घोट घेणाऱ्या पाहुण्याला म्हातारी काय सांगणार? "बेस हाये, बाबू. पे."

आठव्या दिवशी दोन्ही गावं मोहाच्या झाडाखाली जमली. चष्मेवाला वाचू लागला, "तेरा घरी पाणी प्यालो. स्वच्छ, गार, गोड. तक्रार एकाही घरी नाही."

पाटील चरकले. "कोनतं पानी पेले हे?"

मी उठणारच होतो. तेवढ्यात दुसरा मुलगा वाचू लागला, "नदीकाठी फार हाल. कोणीतरी रोज पहाटे झिरा उपसून नेतो. बायका दोन-दोन तास उन्हात पाणी पाझरायची वाट पाहतात."

त्या बाया समोरच बसल्या होत्या. कोणाच्या कडेवर लेकरू, कोणाचे ओठ फुटलेले. मी खाली बसलो. आमच्या तेरा घरच्या बाया माझ्याकडे बघत होत्या आणि मी जमिनीकडे. बोललो तर चोर, नाही बोललो तर विहीर गेली. पण खरं सांगू? त्या बायांसमोरून विहीर ओढून घ्यायला तोंडच उघडेना.

विहीर नदीकाठी गेली.

त्यांच्यातली एक म्हातारी म्हणाली, "विहीर होईल तवा होईल. तवरोक झिऱ्यावर पहाटे राखन पाह्यजे. कोनी भरोशाचा मानूस द्या." मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "हा भाऊ द्या. आमचे हाल आयकून डोये भरले त्याचे."

पाटलांनी लगेच होकार दिला.

महिनाभर राखण केली. पाटील रोज विचारायचे, "चोर आल्ता का रे?"

काय सांगू? एक दिवस चुकला नाही बिचारा. पहाटे सगळ्यांच्या आधी हजर!