बर्फात बसून लातूरची काळजी

लेकीनं आम्हाला अँडोराला न्यायचं ठरवलं तेव्हा लातूरला नळाला शेवटचं पाणी सुटून महिना उलटला होता. ती स्पेनमध्ये नोकरी करते. अँडोरा तिथून बसनं जाण्याइतका जवळ. डोंगरात अडकलेला एवढासा देश, फार तर आपल्या जळकोट तालुक्याएवढा असेल. लोक तिथं बर्फावरून घसरायला जातात, नाहीतर कर नसलेल्या दुकानांतून अत्तरं आणि घड्याळं आणायला. मी मात्र तिथं जाऊन लातूरची काळजी केली.

बायको माझी नांदेडची, गोदावरीकाठची. लातूरला नांदायला आली आणि निम्मं आयुष्य पाणी भरण्यात गेलं. तक्रार कधी केली नाही. "एकदा बर्फाला हात लावायचाय," एवढंच अधूनमधून म्हणायची. म्हणजे ही सहल तिची होती. ती न नासवणं, एवढंच माझं काम होतं.

पहिल्याच संध्याकाळी हॉटेलात तिनं हात धुवायला नळ सोडला. पाणी असं धो धो आलं की आम्ही दोघं लगेच कामाला लागलो. तिनं पेले भरले, चहाची किटली भरली, फुलदाणीसुद्धा भरली. मी आंघोळीचा टब काठोकाठ भरला. लेक दारात उभी राहून बघत होती.

"पप्पा, इथला नळ जात नाही."

बायको हसून हसून पलंगावर बसली. मला काही हसू आलं नाही. तो टब सोडून द्यायला जीव होईना. मुक्कामभर मी त्यातलंच गार पाणी पेल्यानं अंगावर घेतलं, बाहेर बर्फ पडत असताना, आणि दात वाजवत बाहेर येताना आपण काहीतरी थोर केलं असं मला वाटायचं.

"अहो, तुमी हितं वाचवलेलं पाणी लातूरच्या नळाला येणार हाय का?" बायको म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुकानांत गेलो. तिनं मनगटावर अत्तर मारून हात माझ्या नाकाशी धरला. "बघा की, कसला भारी वास हाय."

मी म्हणालो, "आपल्या गल्लीतल्या बाया आत्ता टँकरच्या रांगेत असतील."

तिनं बाटली जागेवर ठेवली. आपण योग्य वेळी योग्य ते बोललो, असं मला वाटलं. आज हे लिहिताना कान गरम होतात.

रात्री जेवताना मी लेकीला लातूर नवा जिल्हा झाल्याची गोष्ट सांगायला घेतली. मी तेव्हा शाळेत होतो. पेढे वाटले होते. जिल्हा झाला, आता सगळं येणार, असं मोठी माणसं म्हणत होती. कचेऱ्या आल्या, पाट्या रंगल्या, साहेब आले. पाणी तेवढं...

"पप्पा, सूप गार होतंय," लेक म्हणाली. ही गोष्ट ती बालवाडीपासून ऐकत आली होती.

शेवटच्या सकाळी आम्ही डोंगराच्या पायथ्याशी गेलो. भाड्याचे बूट असे की पायात दगडी जाती बांधल्यासारखं वाटावं. बायकोनं लाल सूट घातला होता, अंबाड्यावर कसंबसं शिरस्त्राण बसवलं होतं. मी समोरचा उतार बघितला आणि म्हणालो, "तुम्ही जा. माझं मन लागत नाही."

"मनाचं ऱ्हाऊ द्या. भ्याला का?"

"भिण्याचा काय संबंध? तिकडं लोक पाण्यावाचून..."

तिनं माझं सगळं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बरं. बसा." आणि लेकीबरोबर वर गेली. हे 'बरं' मला ओळखीचं आहे. ते आलं की ती पुन्हा बोलवत नाही.

खरं म्हणजे उतार बघून मी घाबरलो होतो, आणि दुष्काळ माझ्या कामाला आला होता. अख्ख्या जिल्ह्याची तहान पुढं करून माझ्यासारखा एक शाळामास्तर स्वतःचे गुडघे वाचवत होता.

तेवढ्यात धाकट्या भावाचा व्हिडिओ कॉल आला. मागं टँकर, हंडे, आमची सगळी गल्ली.

"दादा, बर्फ दाखव की! समदे थांबलेत."

मी फोन फिरवला. हातात पाइप धरलेल्या शेजारच्या काकू ओरडल्या, "अगं बाई, सगळं पाणीच पडलंय की!" मग म्हणाल्या, "सूनबाई कुठंय?"

"वर गेलीय. घसरायलीय."

"आन् तू?"

"मी खाली. तुमचीच काळजी करत बसलोय."

"आमची कशापायी? आमच्याकडं टँकर आलाय. तू तिच्याकडं जा."

"भ्यालाय त्यो, काकू," भाऊ म्हणाला. रांग हसली. टँकरवाला कुणावर तरी खेकसला, सगळे हंड्यांकडं धावले आणि फोन बंद झाला. मला निरोप द्यायलाही कुणाला सवड नव्हती.

मी डोंगरावर नेणाऱ्या तारेवरच्या पाळण्यात बसलो आणि डोळे मिटून वर गेलो.

वर बायको बर्फात बसली होती, पायांतल्या घसरायच्या लांब पट्ट्यांची कात्री झालेली. मला बघून ती हसली नाही.

"कशाला आलात? दुष्काळ सरला का?"

"न्हाई. भ्यालो होतो."

तिनं हातमोज्यावरचा बर्फ झटकला. "मग तसं सांगायचं. मी काय भ्याले न्हाई व्हय? चारदा पडले. उठवा आता."

मी हात दिला. माझ्या बुटांनी जमीन सोडली आणि तिला उठवायच्या ऐवजी मीच तिच्यावर आलो. आम्ही दोघं खालच्या जाळीपर्यंत घसरत गेलो. लेक हे सगळं फोनवर टिपत होती, आणि तिला हसू आवरत नव्हतं. थांबल्यावर बायकोनं मान वळवून माझ्याकडं संशयानं बघितलं, आता हा लातूरचं काही काढतो का म्हणून.

माझं तोंड बर्फानं भरलं होतं.