हातगाडीवरचं शीड

मार्केट यार्डापाशी ट्रकच्या ताडपत्र्या शिवणारे मामा काम करताना कापडाशी भांडतात. ‘नीट बस की!’ माणसांशी मात्र मोजकंच बोलतात, तेही दातांत दोरा धरून.

कॉलेजातून वर्षभराची रजा काढून मी शिडाच्या छोट्या होडीतून बेटामागून बेट हिंडणार, हे ऐकून नगरात सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. मामांनी फक्त विचारलं, ‘म्हंजे कापडात वारा भरायचा?’

‘हो.’

‘आन् मी जलमभर त्यो बाहेर ठिवतोय!’

समुद्र त्यांनी पाहिलेला नाही. तरी आठ दिवस दुसऱ्या कामाला हात न लावता त्यांनी माझं शीड शिवलं, प्रत्येक शिवण दुहेरी. इकडे माझाच धीर सुटत चालला होता. रजा रद्द करायचा अर्ज लिहून पर्समध्ये ठेवला होता.

काल दुपारी शीड आणायला गेले, तर दुकान उघडं आणि मामा गायब. मागच्या मैदानातून आरडाओरडा ऐकू आला. मामांनी हातगाडीला बांबू बांधून त्यावर शीड चढवलं होतं आणि हातात दोर घट्ट धरून स्वतः वर बसले होते. तेवढ्यात वारा आला, शीड टम्म फुगलं आणि गाडी चक्क पळायला लागली! मी मागे धावत सुटले.

‘मामा, दोर सोडा! सोडला की थांबेल!’

चष्मा नाकाच्या शेंड्यावर, टोपी कधीच उडालेली. मामा वळून खदखदा हसत ओरडले,

‘सोडायला शिवलंय व्हय, मॅडम?’