सोपा सवाल नाकारणारी शाहीर

शक्तीच थोर, शक्तीविना शिव काहीच नाही, असं डफावर थाप मारून वर्षानुवर्षं गाणाऱ्या कलगीवाल्यांच्या फडात एकही बाई का नसावी, हे तुम्ही कधी कुणाला विचारलंय? मीही विचारलं नव्हतं. माझ्या सगुणाआत्तीनं विचारलं, तेही भर जत्रेत, बायकांच्या घोळक्यातून उठून.

गेल्या महिन्यात कडेगावच्या गाडीचा कंडक्टर कराडला आमच्या छापखान्याच्या दारात आला आणि उंबऱ्यातूनच म्हणाला, "दादा, तुमची भन गेली..." वडिलांनी यंत्र थांबवलं. शाईचे हात फडक्याला पुसले. मग म्हणाले, "यमालाबी म्हणाली असंल बघ, हे लय सोपं हाय, दुसरं कायतरी इचार." आणि आम्ही बापलेक रडता रडता हसलो.

कलगी-तुरा ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगतो. दोन फड समोरासमोर बसतात. कलगीवाले शक्तीला मोठं मानतात, तुरेवाले शिवाला. एकानं गाण्यातून कोडं घालायचं, दुसऱ्यानं गाण्यातूनच ते सोडवायचं. दुष्काळाच्या आधीच्या एका जत्रेत आत्ती उठली आणि म्हणाली, "शाहीर, शक्ती थोर म्हणताय, मग तिला बसाय जागा द्या की! सगळी शक्ती मिशीवालीच दिसती." जत्रा हसली. म्हातारा कलगीवाला शाहीरही हसला. "ये मग, बस. डफ पेलंल का?" आत्ती म्हणाली, "पाण्याच्या घागरी पेलत्यात, ह्यात तर पानीबी न्हाई!" आणि ती जी बसली, ती कायमची.

तिचा आवाज गोड नव्हता. जाडसर, किंचित घोगरा. पण जत्रेतल्या पाळण्यांच्या गोंगाटापलीकडे स्वच्छ पोचायचा. पलटणीतून निवृत्त झालेले तिचे यजमान, आमचे मामा, तिच्या मागं उभं राहून झील धरायचे. लोक चिडवायचे, "सुभेदार, बायकूच्या मागं गाताय व्हय?" मामा मिशीवर ताव देत, "हुकूम मानायची सवय हाय गड्या, सुटत न्हाई!" एकदा आमच्या छापखान्यात वडील जत्रेचं हँडबिल जुळवत होते. त्यात आत्तीच्या नावाआधी 'खास आकर्षण' असं होतं. तिनं कागद वडिलांच्या हातातून ओढला. "आकर्षण? मी काय पाळणा हाय का रं, बसायला? शाहीर लिव्ह." दारूबंदी, मोर्चे, हक्क यांची कितीतरी पत्रकं लहानपणापासून मी वाचली होती, त्या एका शब्दासाठीचं भांडण मात्र मला त्या सगळ्यांपेक्षा खरं वाटलं.

खरी लढाई पुढंच होती. रहिमतपूरजवळच्या एका गावी तुऱ्याचे बंडोबा शाहीर समोर होते. सज्जन माणूस. बाईमाणूस म्हणून त्यांनी हात सैल सोडला आणि गाऊन विचारलं, "सांग गं बाई, जात्याच्या पाळ्या किती?" जात्याचे दगड दोनच, हे शेंबडं पोरही सांगेल; लोक कौतुकानं हसले. आत्तीनं डफ मांडीवर पालथा घातला. "शाहीर, हे माझ्या नातीला इचारा. मला गड्याला इचारता तसलं इचारा." जत्रेची पंचमंडळी पुढं आली. "अक्का, आवं उत्तर द्या, जिकताय की!"

"असलं जिकणं तुमच्या घरी न्या."

बंडोबांचा चेहरा उतरला, मग ताठ झाला. त्यांनी डफ कानाशी धरला आणि खडा सवाल टाकला: उजेडात माणसाची सावली पडते, तर अंधाराची सावली कुठं पडते? आत्तीनं विचार केला. थाप मारली, थांबली, पुन्हा मारली... आणि म्हणाली, "न्हाई येत. हारले मी!" आमच्याकडची रीत अशी, की हरणाऱ्यानं जिंकणाऱ्याच्या डफाला गुलाल लावायचा. तिनं मूठभर गुलाल असा फासला की बंडोबांचा सदराही लाल झाला. परतताना तिनं सगळ्या फडाला जिलेबी चारली. "अगं, हारल्याची जिलेबी?" मामांनी विचारलं. "आज पहिल्यांदा मला कुणीतरी शाहीर म्हणून हारवलं," ती म्हणाली.

पुढच्या जत्रेत तिनं उत्तर आणलं. अंधाराच्या सावलीला आपण दिवस म्हणतो, असं तिनं गायलं, आणि बंडोबांनी आपला फेटा काढून तिच्या डफावर ठेवला. त्यानंतर या पट्ट्यात कुणी तिला सोपं विचारलं नाही.

आता तिची सून राधा त्याच फडात बसणार आहे, येत्या चैत्राच्या जत्रेत, पहिल्यांदाच. आणि परवा पंचमंडळी मला प्रेमानं म्हणाली, "अक्काची आठवण म्हणून पोरीला जिकू देऊ. तुरेवाल्यांना सांगून सवाल हलकाच ठेवू." मला त्यांचा राग आला, आणि त्यांच्या चांगुलपणाचा त्याहून जास्त. गोडीनं बंद ठेवलेलं हेच दार आत्तीनं आयुष्यभर ढकलून उघडलं होतं. ते तिच्या सुनेच्या तोंडावर बंद होतंय आणि बंद करणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आहे!

म्हणून वाचकहो, चैत्रात कडेगावला या. पुढं बसा. हलका सवाल आला तर उभे राहा आणि मोठ्यानं सांगा, "बदला!" जमलं तर स्वतः एक अवघड सवाल घेऊन या. राधा हरली तरी चालेल. जिलेबी मी आणतो.