सासूबाईंची लाजाळू

रोडपालीच्या आमच्या फ्लॅटमध्ये लाजाळूचं रोप आणलं ते मीच, पळस्प्याच्या एका नर्सरीतून. पण आठवड्याभरात ते सासूबाईंचं झालं. आपण बोट लावलं की मान खाली घालणारं कुणीतरी अखेर घरात आलं, याचं त्यांना केवढं कौतुक! दूधवाल्यापासून सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत प्रत्येकाला त्या रोपापुढे उभं करत. "बघा, किती संस्कारी!" म्हणत आणि माझ्याकडे बघत. मी चहा टाकायला आत जाई.

त्यातच नणंदेला बघायला पाहुणे यायचे ठरले. नणंद ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते आणि मनातलं तोंडावर बोलते. लग्नाच्या बाजारात हे दोन्ही दोषच. त्याची भरपाई म्हणून सासूबाईंनी रोप हॉलमध्ये टीपॉयवर मांडलं. रंगीत तालीम तर हवीच. सकाळपासून त्या येता-जाता पानांना बोट लावत होत्या. मिटलेली पानं उघडायचा अवकाश, की पुन्हा बोट.

पाहुणे आले, पोहे झाले. "आमच्याकडे झाडंसुद्धा लाजतात हो," म्हणत सासूबाईंनी पानाला हात लावला. पान ढिम्म. पुन्हा लावला. ढिम्म. मग टिचकी मारली.

मुलाच्या आईने सौजन्याने विचारलं, "प्लास्टिकचं आहे का?"

"खरंच आहे," नणंद म्हणाली. "आई, सकाळपासून किती वेळा हात लावलास? कुणी खायला आलं असं वाटलं तर लाजाळू पानं मिटते. तू नुसतीच छळतेस, खात नाहीस, हे कळलंय तिला. उगाच कशाला मिटत बसेल?"

मुलगा खो खो हसला. त्याची आई हसली नाही. दोन दिवसांनी निरोप आला: मुलगी हुशार आहे, पण आम्हाला जरा शांत हवी होती.

"तो हसला तेव्हा मला बरा वाटला होता गं," नणंद स्वयंपाकघरात मला हळूच म्हणाली.

"मग स्वतःच्या आईपुढेही तोंड उघडायला हवं होतं त्याने," मी म्हटलं.

सासूबाईंनी सगळा दोष रोपाला दिला आणि त्याला निर्लज्ज ठरवून जिन्यात काढलं. तिथे आठवडाभर कुणी त्याच्याकडे फिरकलं नाही. मग उरणहून येणाऱ्या आमच्या मासेवालीने सासूबाईंची रोपाबद्दलची तक्रार ऐकलीच होती; दारात टोपली उतरवताना तिचा पदर पानांना लागला आणि सगळी फांदी चटाचट मिटली.

"अगो बाय, ही तं लाजते! नाय कोन म्हनतं?"

सासूबाई धावत आल्या आणि बोट पुढे केलं. नणंदेने त्यांचा हात धरला. "राहू दे तिला. आणि पुढचा मुलगा मी बाहेरच भेटणार, एकटी. पोहे नकोत, प्रदर्शन नको."

सासूबाई दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. आमचे ते दोन दिवस फार सुखात गेले.